औषधलेखनाधिकार, परिचारिकांचा

डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित व्यक्तीने, विशेषतः प्रगत परिचारिकेने किंवा फिजिशियन असिस्टंटने (डॉक्टरच्या देखरेखीखाली तपासणी व उपचार करणाऱ्या प्रशिक्षित सहायकाने), रुग्णाचे औषध ठरवून स्वतःच्या सहीने चिठ्ठी लिहिण्याचा कायदेशीर अधिकार.

उगम बहुधा १९६५ मध्ये दाखवला जातो. त्या वर्षी अमेरिकेत, कोलोरॅडोत लोरेटा फोर्ड व हेन्री सिल्व्हर यांनी नर्स प्रॅक्टिशनरचा (तपासणी व उपचारांचे जादा प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकेचा), तर ड्यूक विद्यापीठात यूजीन स्टेड यांनी फिजिशियन असिस्टंटचा अभ्यासक्रम सुरू केला. पण ते अभ्यासक्रम होते. चिठ्ठीचा अधिकार तेथे पुढे एकेका राज्याच्या कायद्याने आला. त्यामुळे ब्रिटनचा १९९२ चा परिचारिका-औषधलेखन कायदा हा अधिक नेमका टप्पा मानावा. भारतात काहीजण या कल्पनेचा धागा एलएमपी, म्हणजे पदवीऐवजी छोटा परवाना-अभ्यासक्रम केलेल्या डॉक्टरांशी जोडतात. देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने (१९४६) बहुमताने तो अभ्यासक्रम बंद करण्याची शिफारस केली होती. मात्र एलएमपी हे डॉक्टरच होते, हे ध्यानात घेता हा संबंध दूरचा वाटतो.

भारतात खरा प्रश्न औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांचा आहे. नियम ६५ नुसार अनुसूची एच व एक्समधील औषधे नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकाच्या चिठ्ठीवरच विकता येतात. हा व्यावसायिक कोण, हे नियम २(ईई) सांगतो. त्यात राज्य सरकारला आणखी व्यक्ती घोषित करण्याची मुभा आहे, परंतु त्या ‘वैद्यकीय नोंदवही’त असाव्या लागतात. परिचर्या परिषदेची नोंदवही त्यात मोडत नाही, असाच अर्थ शब्दांवरून निघतो. याच नियमांच्या अनुसूची केमध्ये काहींना औषधविक्रीच्या अटींतून दिलेली सूट वेगळी आहे: ती औषध देण्यापुरती आहे, लिहिण्याची नाही.

मुंबईत हा भेद रोज दिसतो. महापालिकेच्या हेल्थ पोस्टवर (वस्तीतल्या छोट्या आरोग्यकेंद्रावर) एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसाविका, गरोदर बाईच्या हातात लोह-फॉलिक आम्लाच्या गोळ्या देते आणि कार्डावर नोंद करते. त्याच बाईला लघवीची जळजळ असेल, तर मात्र तिला डॉक्टरकडेच पाठवावे लागते. एएनएमच्या चिठ्ठीवर केमिस्टला प्रतिजैविक देता येत नाही. वॉर्डात रात्री डॉक्टर फोनवरून औषध सांगतात, सिस्टर केसपेपरवर ‘तोंडी आदेश’ असे लिहून ते देते, सही सकाळी होते. मधल्या तासांत काही बिघडले तर आधी जाब तिलाच द्यावा लागतो. अधिकाराच्या चर्चेत ही बाब फार मागे पडते.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९ च्या कलम ३२ मध्ये ‘सामुदायिक आरोग्य प्रदाता’ला मर्यादित परवाना देण्याची तरतूद आहे. प्राथमिक व प्रतिबंधात्मक सेवेत तो ठरावीक औषधे स्वतंत्रपणे, अन्यत्र देखरेखीखाली लिहू शकेल. परिचारिकांचे नाव कलमात नाही. डॉक्टरांच्या इंडियन मेडिकल असोसिएशनने त्यावेळी याविरुद्ध देशव्यापी संप केला. महाराष्ट्रात हा वाद अधिक गाजला तो होमिओपॅथांवरून: एक वर्षाच्या औषधशास्त्र अभ्यासक्रमानंतर त्यांना आधुनिक औषधे लिहू देणारी दुरुस्ती राज्याने २०१४ मध्ये केली. परिचारिकांसाठी तसा मार्ग आखलेला नाही. क्रिटिकल केअर (अतिदक्षता) नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम भारतीय परिचर्या परिषदेने आखला, पण त्या पदवीने चिठ्ठीवर सही करता येत नाही.

फिजिशियन असिस्टंटचा समावेश संलग्न आरोग्यसेवा आयोगाच्या २०२१ च्या कायद्यात झाला आहे. स्वतंत्र औषधलेखन त्यात नाही.