बशीतली साय आणि क्रॅपीचा गळ

बशीतला चहा फुंकून पाहा. वरची साय सरकत पलीकडच्या काठाला जाऊन गोळा होते. खालचा चहा त्याच वेळी तुमच्याकडे परत येत असतो, फक्त तो दिसत नाही. अमेरिकेतल्या केंटकी लेकवर वसंतात दक्षिणेचा वारा दोन दिवस टिकला की हेच घडतं, आणि क्रॅपी हा गोड्या पाण्यातला मासा पकडणाऱ्यांचे चेहरे खुलतात.

टेनेसी नदीवरचं धरण 1944 मध्ये पूर्ण झालं, त्यातून हा जलाशय तयार झाला. लांबी जवळपास 300 किलोमीटर, तीही बरीचशी दक्षिणोत्तर. दक्षिणेच्या वाऱ्याला इथे मोकळं रान मिळतं; पूर्व-पश्चिम वाऱ्याला मात्र दोन-तीन किलोमीटरच्या रुंदीत धावायलाच जागा नसते. पृष्ठावरचं पाणी वाऱ्याच्या वेगाच्या साधारण 2 ते 3 टक्के वेगाने सरकतं. म्हणजे ताशी 20 किलोमीटरचा वारा पाण्याला तासाभरात 400 ते 600 मीटर पुढे नेतो. उन्हाने तापून हलका झालेला वरचा थर असा उत्तरेकडच्या काठांशी साचतो. क्रॅपी अंडी घालायला उथळात येतो तो पाणी 16 ते 20 अंश सेल्सिअसच्या घरात गेलं की. त्यामुळे ज्या काठाला वारा लागतो तिथे त्याची गर्दी आधी. शिवाय सूक्ष्म प्राणीही पाण्याबरोबर वाहत येतात, त्यांच्यामागे शॅड या माशाची पिल्लं, आणि पिल्लांमागे क्रॅपी. लाटांनी प्रकाश विस्कटतो, तेही या मोठ्या डोळ्यांच्या, भर उजेड टाळणाऱ्या माशाच्या पथ्यावर पडतं.

मग थंड हवेची आघाडी येते आणि वारा वायव्येकडे फिरतो. दोन दिवसांत साचलेलं ऊबदार पाणी काठापासून मागे ढकललं जातं, त्याची जागा खालचं गार पाणी घेतं. निरभ्र रात्री उरलीसुरली ऊबही उडून जाते. क्रॅपी बुडालेल्या झाडाझुडपांत जाऊन बसतो, आणि नाकासमोर आमिष नाचवलं तरी ढिम्म.

याचा दोष बरेच जण हवेच्या दाबाला देतात. मला ते पटत नाही. आघाडी गेल्यावर दाब 15-20 हेक्टोपास्कल वाढला समजा. पाण्यात तेवढा फरक 15-20 सेंटिमीटर खोलीला पडतो. मासा वीतभर वर सरकला की हिशेब मिटला! पाण्याचं तापमान, प्रवाह आणि भक्ष्याची जागा यांचं तसं नाही. वारा फिरल्यावर ही घडी नव्याने बसायला वेळ लागतो, म्हणून वारा फिरल्या दिवशी कालची हमखास जागा रिकामी लागते.

एक अडचण मात्र माशाची नाही, होडीची. फिरत्या वाऱ्यात होडी आडवी होते, दोरीला पोट येतं आणि खोलीवर सोडलेलं आमिष वर उचललं जातं. त्यातून मासा लागलाच तर पुढचा धोका त्याच्या तोंडाचा. क्रॅपीच्या ओठांची कातडी इतकी पातळ असते की तिथले लोक त्याला ‘कागदी तोंडाचा’ म्हणतात. लाटेवर होडीने एक हिसका दिला की कातडी फाटते आणि गळ रिकामा वर येतो.