स्थितिस्थापक दांड्यातील गाठ

वाकवल्यावर पुन्हा सरळ होऊ पाहणाऱ्या लांब, बारीक वस्तूला यांत्रिकीत स्थितिस्थापक दांडा म्हणतात. पोलादी तार हे त्याचे नेहमीचे उदाहरण. कोकणात गरवणाऱ्याच्या, म्हणजे गळाने मासे धरणाऱ्याच्या, हातातला तंगूस (नायलॉनची दोरी) हे अधिक सोयीचे. मऊ सुताची गाठ बहुतांशी घर्षणावर टिकते. दांड्याच्या गाठीत मात्र फास सतत उलगडू पाहत असतो आणि घर्षण त्याला अडवते.

जाड तंगुसाला साधी गाठ मारून दोन्ही टोके ओढली की फास आकसतो. टोके सोडली की तो फुगतो, पण पूर्ण सुटत नाही. एका मापाला येऊन थांबतो. दोन पदर एकमेकांभोवती पिळून जातात त्या छोट्या वेणीतले घर्षण तेथे पुरे पडते. सैल गाठीच्या गणितानुसार घर्षणगुणांक (दोन पृष्ठभागांतल्या घर्षणाचे माप) निम्मा झाला तर या थांबलेल्या फासाची त्रिज्या चौपट होते. घर्षण वगळले तर फास ठरावीक त्रिज्येला धरून ठेवायला लागणारा ताण वाकण-ताठरतेच्या, म्हणजे दांडा वाकण्याला किती विरोध करतो त्याच्या, सम प्रमाणात आणि त्रिज्येच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. ताठरता व्यासाच्या चौथ्या घाताने वाढते: दुप्पट जाड तंगूस वाकायला सोळापट हट्टी. त्याच जाडीचे सुंभ मात्र सहज वळते, कारण काथ्याचे तंतू एकमेकांवरून सरकतात. त्यात ते खरखरीत, म्हणून सुंभाला साधी गाठही पुरते.

वाकलेल्या दांड्याच्या आकारांचा अभ्यास गणितज्ञ ऑयलरने १७४४ मध्ये केला, भौतिकशास्त्रज्ञ किरखोफने १८५९ मध्ये पिळासह समीकरणे मांडली. गाठीतल्या घर्षणाचा नेटका हिशेब त्या मानाने फारच उशिरा लागला. फ्रेंच संशोधक बाझील ओदोली आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये साध्या गाठीचा सिद्धांत दिला. २०१५ मध्ये अमेरिकेच्या एमआयटी विद्यापीठातील पेद्रो रेइस यांच्या गटाने ओदोलींसोबत निटिनॉलच्या (निकेल-टायटॅनियम मिश्रधातूच्या) तारांवर प्रयोग केले. वेणीत एकऐवजी दहा पीळ असले तर गाठ आवळायला सुमारे हजारपट जोर लागतो, असे त्यात दिसले.

पीळ वाढवून गाठ धरते, हे मच्छीमाराला वेगळे सांगावे लागत नाही. गळ बांधताना तो तंगुसाचे टोक मूळ दोरीभोवती पाच-सहा वेढे फिरवून मगच ओवतो. आवळण्यापूर्वी गाठ थुंकीने ओली करतो, म्हणजे वेढे न तापता नीट बसतात; घासून तापलेले नायलॉन तिथेच कमजोर होते.

फार ताणल्यावर तंगूस बहुधा गाठीच्या तोंडाशी तुटतो. तिथे वाकण तीव्र असते आणि वरून दाबही पडतो. मासा गळ घेऊन गेल्यावर हातात उरलेले टोक पाहावे: ते बारीक कुरळे असेल तर गाठ सरकून सुटली, कुरळे नसून तुटके असेल तर तंगूस तुटला.