उचल, रविवार आणि आजची नोकरी

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीत काम करणारे माझे काका संध्याकाळी काळी वाळू घेऊनच घरी यायचे: नखांत, कानांत, डब्याच्या कडीतसुद्धा. मालकाला ते शेठ म्हणत. आत्याच्या लग्नाला शेठनी उचल दिली आणि पुढं चार वर्षं ती पगारातून कापून घेतली. ऑर्डर अडली की रविवारी सकाळी सायकलवरून बोलावणं यायचं. काका हातातला चहा ठेवून निघायचे. आठवड्याला ४८ तास आणि एक सुट्टी हे १९४८ च्या कारखाने कायद्यात होतं, पण उचल घेतलेल्या माणसानं तो कायदा कुणाला दाखवायचा?

निपाणीत तर कारखानाच घरी यायचा. विड्या वळणाऱ्या बायकांची मजुरी दर हजार विड्यांमागं, नापास झालेल्या विड्यांचे पैसे नाहीत. त्यांच्यासाठी १९६६ साली वेगळा कायदा झाला, तरी मोजणाऱ्याचा हात तोच राहिला.

मिलेनियल म्हणतात ती, साधारण १९८१ ते १९९६ मधली पिढी अशा घरांत वाढली. डेलॉइट या सल्लागार कंपनीच्या २०२२ च्या जागतिक पाहणीत या वयाच्या लोकांनी नोकरी निवडताना काम आणि घर यांचा मेळ सगळ्यांत वर ठेवला, त्याखालोखाल शिकायची संधी. आपल्याकडं याला नखरे म्हणायची पद्धत आहे. मला तो उचलीचा हिशेब वाटतो: पगार घ्या, काम घ्या, उपकार नकोत.

सीमाभागात यात भाषेची गाठ आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर इथं सरकारी नोकरीची वाट कन्नडमधून जाऊ लागली. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनाच्या वेळी या पिढीतली थोरली पाळण्यात नाहीतर बालवाडीत होती, बाकीची जन्मायची होती. मराठी शाळेत शिकलेल्यांनी मग पुणे गाठलं, काहींनी गोवा. मुलाखत इंग्रजीत, साहेबाशी हिंदी, डबा उघडला की मराठी-कन्नड एकत्र. म्हणून चुकलेलं इंग्रजी ऐकून कुणी हसत नाही, ही त्यांच्या लेखी फार मोठी सोय असते. कॅन्टीन आणि कॅरम नंतर.

इथं चांगलं उदाहरण नव्हतं असं नाही. लाच न देता धंदा करता येतो, हे सुरेश हुंदरे यांच्या पॉलिहायड्रॉन या कंपनीनं बेळगावजवळच्या मच्छेत दाखवलं.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये पुण्या-बेंगळुरूची पोरं खानापूरच्या माळ्यावर लॅपटॉप मांडून बसली. भात कापणीला घरी असण्याची चव तेव्हा कळली. पुढं २०२३ मध्ये कर्नाटकानं कारखान्यात दिवसाला बारा तासांपर्यंत कामाची मुभा दिली. आठवड्याचे ४८ तास तेच ठेवले.

परवा चुलतभाऊ पुण्याच्या एका मुलाखतीबद्दल सांगत होता. ‘सुट्टीच्या दिवशी फोन येतात काय?’ असं त्यानं सरळ विचारलं होतं. काका सुपारी कातरत होते.

‘फोन?’ ते म्हणाले. ‘आमच्याकडं माणूसच यायचा की रे.’