पार्किन्सनची गोळी सुरू कधी करायची?

धंतोलीतल्या आमच्या औषधांच्या दुकानात कुणीतरी चिठ्ठी पुढे करतं आणि गोळ्या घ्यायच्या आधीच विचारतं, "आतापासून घेतल्या तर पुढे लागू पडतील ना?" काउंटरवरच्या गर्दीत याचं धड उत्तर देता येत नाही, म्हणून हे पत्रक.

भीती असते ती लेव्होडोपाची. पार्किन्सनमध्ये मेंदूतल्या डोपामिन, म्हणजे हालचाली सुरळीत ठेवणारं रसायन, बनवणाऱ्या पेशी घटत जातात; मेंदू या औषधापासून डोपामिन तयार करतो. काही वर्षांनी गोळीचा असर लवकर उतरतो, अंग आपोआप हलू लागतं, हे खरं आहे. पण त्यात आजाराचं वय आणि डोसचा आकार यांचा वाटा मोठा असतो. नेदरलँड्समध्ये ४४५ रुग्णांवर चाचणी झाली. काहींना औषध लगेच दिलं, काहींना ४० आठवडे उशिरा. २०१९ साली निकाल छापून आला: ८० आठवड्यांनंतर दोन्ही गट जवळपास सारखेच होते. लवकर घेतल्याने आजार थांबला नाही, आणि उशीर करून काही हाती लागलं असंही नाही.

मग ठरवायचं कशावरून? रोजच्या कामांवरून. डावा हात टीव्ही बघतानाच थरथरत असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने थोडं थांबता येतं. व्यायाम मात्र त्याच दिवसापासून. पण शर्टाची बटणं लावायला दहा मिनिटं लागतात, कणीक मळताना हात अडतो, तोल जातो म्हणून अंबाझरीचं फिरणं बंद झालंय, अशा वेळी नुसत्या भीतीपायी दिवस वाया घालवू नका, असं आम्हाला मनापासून वाटतं.

लेव्होडोपा सहसा जेवणाच्या अर्धा तास आधी घेतात, कारण वरण, दूध, अंडी यांतली प्रथिनं तिच्या आड येतात. सुरुवातीला मळमळलं तर डॉक्टरांना विचारून सोबत एखादं बिस्किट चालतं. उलटीची गोळी मात्र स्वतःहून मागू नका. त्यांतल्या मेटोक्लोप्रामाइड या औषधाने पार्किन्सनची लक्षणं बळावतात. खाजकुयलीचं चूर्ण घेत असाल तर तेही सांगा, त्यात लेव्होडोपाच असतो. प्रामिपेक्झोल ही पार्किन्सनचीच दुसरी गोळी सुरू असताना अनावर खरेदी किंवा जुगाराची ओढ दिसली, तर घरच्यांनी ती लपवू नये. आणि कुठलीही गोळी एकदम बंद करायची नाही.

डॉक्टरांकडे जाण्याआधी आठ दिवस रोज एकाच वहीत सही करा, खाली तारीख घाला. अक्षर बारीक होत चाललं असेल तर ते त्या पानावरच दिसेल. ती वही सोबत न्या.