पितळाची चीर: थकल्याची की गोठ्याची?

साताऱ्याजवळचं आमचं अपशिंगे म्हणजे फौजी लोकांचं गाव. आण्णांनी, म्हणजे आमच्या चुलत्यांनी, तोफेची एक रिकामी पितळी पुंगळी आणून ठेवलेली, पंधरा वर्षं टीव्हीशेजारी मोरपिसं घालून उभी होती, मग घराचं काम काढलं आणि ती गेली गोठ्यात, म्हशींच्या मागच्या कोनाड्यात. दोन पावसाळ्यांनी बघतो तर तोंडापासून खाली बोटभर उभी चीर! आण्णा म्हणाले, "जुनं झालं रे, पितळ थकलं." मलाही तेच वाटलेलं, पण थकणं वेगळं आणि हे वेगळं, दिसायला मात्र दोन्ही चिरा सख्ख्या बहिणी.

थकणं कसं होतं तर, पुंगळीचं पितळ साधारण 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त. बार उडाला की ती फुगते, रीलोडिंगवाले, म्हणजे रिकामी पुंगळी परत भरणारे, डायमध्ये (साच्यात) दाबून तिला परत मापात आणतात, असं फुगून-दाबून मान, म्हणजे तोंडाकडचा भाग, कडक होत जाते आणि एक दिवस फाटते. तांबट भांडं ठोकता ठोकता मधेच भट्टीत घालतो ना, तो हा कडकपणा घालवायलाच. पुंगळीची मात्र फक्त मान तापवायची, बूड नाही, बूड नरम पडलं तर दाब झेपत नाही आणि गॅस थेट नेमबाजाच्या तोंडावर. तापवून पाण्यात बुडवलं की कडक होतं हे पोलादाचं गणित, पितळाला लावू नका. आणि हो, आपल्याकडे काडतुसं भरणं हा घरचा उद्योग नाही, 1959 च्या शस्त्र कायद्याने लायसन लागतं.

दुसरी चीर नुसतं ठेवून पडते. इंग्रजांच्या फौजेला हे कोडं हिंदुस्थानातच पडलेलं, पावसाळ्यात तबेल्यात ठेवलेली काडतुसं न उडवताच चिरायची, म्हणून नाव पडलं सीझन क्रॅकिंग. 1921 मध्ये उलगडा झाला, घोड्यांच्या मुतातला अमोनिया, हवेतली ओल आणि पुंगळी ओढून बनवताना पितळात अडकून राहिलेला ताण, तिन्ही जमले की चीर. माल 250-300 अंशांना तापवला की ताण निघतो, कडकपणा फारसा जात नाही. अमोनियाचं पॉलिश पुंगळीला लावत नाहीत ते पण ह्यामुळेच.

आमची पुंगळी उडाली एकदाच, ती पण घरी यायच्या आधी, मग थकली कधी? माझ्या मते म्हशींचंच काम. चीर तापवून सांधत नाही हे आण्णांना सांगितलं, तर त्यांनी पुंगळी माडीवर नेऊन ठेवली, चिरेची बाजू भिंतीकडे करून.