पिकअपच्या मागच्या चाकाचं गणित

जुन्या पिकअपचे टायर बदलायला नाना पेठेत गेलात की पहिला प्रश्न ठरलेला: ‘किती प्लायचा देऊ?’ जास्त प्लाय म्हणजे जास्त ताकद, असं समजून गिऱ्हाईक वरचा आकडा सांगतं. पूर्वी टायरच्या सांगाड्यात सुती कापडाचे थर असत, त्यांची ही मोजदाद. आता नायलॉन, पॉलिस्टर आणि पोलादी तारा आल्या. दहा प्लाय लिहिलेल्या रेडियल टायरची भिंत कापून पाहिली तर बहुधा एकदोनच थर सापडतील. हा सांगाडा किती दाबाची हवा पेलू शकेल, एवढंच आता त्या आकड्यावरून कळतं.

पण महत्त्वाची गोष्ट तीच आहे. गाडीचा जवळजवळ सगळा भार आतली हवा उचलते. रबर आणि तारा त्या हवेला कोंडून ठेवतात.

पुरंदरची सीताफळं नाहीतर वाटाणा भरून एखादी गाडी दिवे घाटातून गुलटेकडीच्या मार्केट यार्डात येतेय. समजा, तिच्या मागच्या अ‍ॅक्सलवर दोन टन भार आहे, म्हणजे टायरमागे १,००० किलो. हवा ६५ पीएसआय, म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण साडेचार किलो. भागाकार केला तर टायरचा जमिनीला टेकलेला भाग येतो सुमारे २२० चौरस सेंटिमीटर. हवा ४५ वर उतरली की त्याच भारासाठी ३१५ च्या आसपास जागा लागते. तेवढी मिळेपर्यंत टायर खाली बसतो आणि त्याची भिंत बाहेर फुगते.

१५ इंची रिमचं चाक ताशी ६० किलोमीटर वेगात मिनिटाला साडेचारशेच्या आसपास फेरे घेतं. दर फेऱ्याला भिंतीचा प्रत्येक भाग एकदा वाकतो आणि सरळ होतो. तार पुन्हापुन्हा वाकवली की बोटांना चटका बसतो, तसंच हे. रबराला वाकवायला लागलेली ऊर्जा ते पूर्ण परत देत नाही. उरलेली उष्णता होते. वर रबर उष्णतेचं वाहक म्हणून अगदीच सुमार, त्यामुळे ती खांद्याशी, म्हणजे नक्षी आणि भिंत जिथे मिळतात तिथे, पोलादी पट्टे संपतात तिथेच साठते. थर सुटायला सुरुवात तिथूनच होते. एप्रिलातल्या दुपारी ‘टायर उन्हानं फुटला’ म्हणतात तेव्हा ऊन निमित्त असतं. कमी हवा आणि जादा माल यांनी बरंचसं काम आधीच केलेलं असतं.

हवा सकाळी, गाडी निघायच्या आधी मोजावी. घाट उतरून आल्यावर गेज चार-सहा पीएसआय जास्त दाखवतं. ती वाढ तापलेल्या हवेची आहे, काढून टाकायची नाही.

तेव्हा प्लाय विचारण्यापेक्षा भिंतीवर मापानंतर येणारा आकडा वाचा, उदाहरणार्थ ११२/११०. हा भार-निर्देशांक. पहिला आकडा एकेरी चाकासाठी, दुसरा जोडचाकासाठी. १०४ म्हणजे ९०० किलो, १०८ म्हणजे १,०००, ११२ म्हणजे १,१२०, तेही हवा पूर्ण असेल तरच. आपल्या गाडीला १०८ कागदावर बरोबर बसतो, पण मी ११२ घेईन. क्रेट कधीच सारखे लागत नाहीत, आणि अ‍ॅक्सलच्या मागे लोंबणारा माल तरफेसारखा पुढचं टोक उचलून आपल्या वजनापेक्षा जास्त भार मागच्या चाकांवर टाकतो. खरा आकडा हवा असेल तर भरलेल्या गाडीची फक्त मागची चाकं वजनकाट्यावर घ्या. टायर भारी घेतला म्हणून पासिंग, म्हणजे गाडीला मंजूर असलेलं वजन, मात्र वाढत नाही; पाटे, अ‍ॅक्सल आणि ब्रेक होते तेच राहतात.

स्वस्तात मिळतो म्हणून कारचा रुंद टायर बसवणारे भेटतात. दिसायला तो दणकट असतो, पण त्याचा सांगाडा ३५ पीएसआयच्या आसपासच्या हवेसाठी बनवलेला. तो मागे लावू नये. गाडी डांबरावरच फिरत असेल तर खोल गोट्यांच्या नक्षीचाही उपयोग नाही; जाड रबर जास्त तापतं.

जुन्या गाडीत रिमकडेही बघावं लागतं. ट्यूबच्या रिमला अनेकदा आतला उंचवटा नसतो, त्यामुळे हवा कमी झाल्यावर वळणात ट्यूबलेस टायरची कड आत सरकू शकते. अशा रिमला ट्यूबचाच टायर घ्या, आणि ट्यूबही नवी टाका. ताणलेल्या जुन्या ट्यूबला आत घडी पडते आणि तिथेच ती फाटते.

भिंतीवर चार आकडी तारीखही असते: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. रबरात ओझोनपासून बचावासाठी मेण घातलेलं असतं आणि टायर फिरत राहिला की ते पृष्ठभागावर येत राहतं. न फिरणाऱ्या टायरला भेगा लवकर पडतात, नक्षी नवीकोरी असली तरी. हौद्याखाली वर्षानुवर्षं लटकलेल्या स्टेपनीची तारीख म्हणून आधी बघा. मागचा टायर पंक्चर झाला की पूर्ण मालाखाली तीच जाते.