चिकुनगुनियानंतरची सांधेदुखी : ताप मोजला, दुखणे राहिले

भारतात चिकुनगुनियाचे दोन वेगळे काळ आहेत. पहिला १९६३ साली कोलकात्यात सुरू झाला, पुढे चेन्नई, वेल्लोर, नागपूर असा फिरला आणि १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत जवळपास संपला. त्यानंतर तीसेक वर्षे हा आजार पुस्तकापुरता उरला.

२००५-०६ मध्ये तो परतला तेव्हा विषाणूचा वंश आफ्रिकी होता. आधीचा आशियाई होता. हिंदी महासागरातल्या रेयुनियों बेटावर तेव्हा तिसरा हिस्सा लोकसंख्या आजारी पडली. तिथे विषाणूच्या आवरणात एक छोटा बदल झाला आणि एडिस अल्बोपिक्टस या डासातून तो जोमाने पसरू लागला. २००७ मध्ये हाच बदल केरळातही आढळला. गोव्याच्या दृष्टीने हा तपशील मोठा आहे, कारण हा डास बागायतीत रमतो. कुळागरातल्या, म्हणजे सुपारीच्या बागेतल्या, पोफळीच्या विऱ्या (गळालेल्या पानांची रुंद आवरणे), करवंट्या, रबराच्या चिकाच्या वाट्या, पाणी साचेल ते सगळे त्याला चालते. इथली डासविरोधी यंत्रणा मात्र मलेरियाच्या काळात घडलेली. बांधकामे, पाण्याच्या टाक्या, मजुरांची आरोग्यपत्रे ही तिची सवयीची वाट.

खरा वाद मोजणीचा आहे. २००६ मध्ये देशभरात सुमारे १३.९ लाख संशयित रुग्ण नोंदले गेले; प्रयोगशाळेने खात्री केलेले दोन हजारांच्या आसपास. एखाद्या भागातले काही नमुने बाधित निघाले की उरलेल्यांना लक्षणांवरूनच संशयित धरायचे, असे धोरण होते. साथीत प्रत्येकाचे रक्त तपासणे शक्य नसते, त्यामुळे या निर्णयाला तेव्हा आधार होता. पण त्यात तीन गोष्टी निसटल्या. एक, डेंग्यू आणि चिकुनगुनिया एकाच वेळी फिरत असताना कोणाला काय झाले हे धूसर राहिले. दोन, अधिकृत मृत्यू शून्य राहिले. अहमदाबादेत त्याच वर्षी ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात नेहमीपेक्षा सुमारे तीन हजार मृत्यू जास्त झाल्याचे नंतरच्या अभ्यासात दिसले, आणि त्यावरून बरीच खडाजंगी झाली. तिसरी गोष्ट सगळ्यात कमी बोलली गेली: नोंद तापाची होती. ताप उतरला की रुग्ण 'बरा'.

सांध्यांचे कॅलेंडर वेगळे चालते. पहिले तीन आठवडे तीव्र अवस्था, तिथून तीन महिन्यांपर्यंत मधली, आणि त्यापुढे दुखत राहिले तर जुनाट. मनगटे, बोटांचे सांधे, घोटे दोन्ही बाजूंनी धरतात, सकाळी हात आखडलेले असतात, स्नायूबंधांच्या आवरणालाही सूज येते. चित्र इतके आमवातासारखे की अनेकांवर तोच शिक्का बसतो. चाळिशी-पंचेचाळिशी उलटलेल्यांना, बायकांना आणि आधीच सांधे धरलेल्यांना धोका जास्त. विषाणूचे अंश सांध्यातल्या पेशींत रेंगाळतात असे पुरावे आहेत. त्यामुळेच दुखते की शरीराचीच प्रतिक्रिया थांबत नाही, यावर एकमत नाही.

उपचारांचा इतिहासही सरळ नाही. क्लोरोक्विन हे मलेरियाचे औषध एकेकाळी हमखास दिले जाई. रेयुनियोंतल्या चाचणीत तीव्र अवस्थेत त्याचा फायदा दिसला नाही, उलट ते घेतलेल्यांनी महिन्यांनंतर सांधे दुखत असल्याचे जास्त सांगितले. पहिल्या दिवसांत स्टिरॉइड नको, डेंग्यू नाही याची खात्री होईपर्यंत अ‍ॅस्पिरिनही नको, हे आता रुळले आहे. तरी ताप असतानाच 'सुई मारून घ्या' म्हणणारे आणि मारणारेही भेटतात. जुनाट अवस्थेत मेथोट्रेक्सेट हे आमवातावरचे औषध वापरतात, पण त्यामागचा पुरावा तोकडाच.

लस अमेरिकेत २०२३ च्या नोव्हेंबरात मंजूर झाली. तिचा परवाना तिथेच २०२५ मध्ये स्थगित झाला. आपल्या सरकारी लसीकरणात अशी कोणतीच लस नाही.

चार महिन्यांनी कोणी मनगट घेऊन आलाच, तर तपासणीचीही अडचण असते. विषाणू शोधणारी चाचणी पहिल्या आठवड्यातच कामाची. आयजीएम, म्हणजे लागणीनंतर आधी तयार होणारी प्रतिपिंडे, काही महिने टिकतात, पण सगळ्यांत सारखी नाहीत. नुसती आयजीजी, म्हणजे दीर्घकाळ राहणारी प्रतिपिंडे, आली तर कधीतरी लागण झाली एवढेच कळते. ऐन तापात रक्त दिले नसेल, तर वहीत 'सांधेदुखी' लिहिले जाते आणि चिकुनगुनियाशी तिचा संबंध कागदावर उरत नाही.